मांडीवर घेतलेली माय

समोरचा स्क्रीन काळा झाला तेव्हा मी बाईला वैनगंगेपलीकडचं रान दाखवत होतो. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचं गोंडपिपरीचं शेत एकदा तरी तिला वरून दाखवावं, एवढी एकच हौस मी बाळगून होतो. विमान दोन माणसांचं, मित्रांनी मिळून घेतलेलं. दिशा, उंची, नकाशा, इंधन, सगळं त्या एका स्क्रीनवर. वीज तयार करणारा अल्टरनेटर आधीच बंद पडला होता. त्याचा इशाराही आला असणार, पण मी गप्पांत रंगलेला. बॅटरी संपली आणि रेडिओसकट सगळं विझलं. इंजिनाला त्या विजेची गरज नसते, म्हणून पंखा तेवढा फिरत राहिला.

चैत्र होता. मोहफुलं वेचता यावीत म्हणून लोक झाडांखालचा पाचोळा जाळतात, त्याचा धूर सगळ्या रानावर पसरला होता. खाली अंधुक झाडं, पुढे नुसतं राखाडी. ऊन डोक्यावर, त्यामुळे सूर्यावरूनही दिशा कळेना. मोबाइल तापून बंद पडलेला. उरलं होतं ते काचेतलं साधं होकायंत्र. स्क्रीन असताना त्याच्याकडे बघतो कोण? आता त्याच्यावर पश्चिम धरली. पश्चिमेला नदी, आणि नदी ओलांडली की आपला मुलूख.

नदी येईना. किती इंधन उरलंय हे सांगणारा काटाही त्याच स्क्रीनबरोबर गेलेला. खाली उतरायला एक मोकळा तुकडा दिसत नव्हता. मरणाची भीती वाटलीच, पण त्याहून जास्त ही वाटली, की जिने मला वाढवलं तिला मी हौसेपायी इथे आणून घातलं.

होकायंत्राशेजारी आमची महाकाली उभी होती, बोटभर उंचीची. गाड्यांत बसवायला देवळाबाहेर मिळते ती, बुडाला चुंबक असलेली. सकाळी माझ्या गाडीतून बाईनेच ती काढून आणली. “गाडीत माय पायजे अन् इमानात काऊन नाई?” म्हणाली. विमानाच्या पत्र्याला चुंबक चिकटेना, तेव्हा मी हसत हसत चिकटपट्टी लावून दिली. देवाच्या बाबतीत मी असाच, चिकटपट्टीपुरता. आता मात्र तिच्याकडे बघून मनात म्हणालो, एवढी वर बसवली तुला, आणि तू नुसती बघतेस? राग आला होता मला. मग रागही संपला. माझी अक्कल संपली, आता तू बघ, एवढंच उरलं.

तेवढ्यात बाईने हात पुढे केला. पट्टी ओढून मूर्ती काढली आणि मांडीवर पदरात धरली.

“मले भेव लागून राह्यलं रे,” ती म्हणाली. “माय माह्याजवळ राहू दे.”

होकायंत्राची चकती गर्रकन फिरली, थोडी डुलली आणि दक्षिणेवर थांबली.

मूर्तीच्या बुडाच्या चुंबकाने इतका वेळ होकायंत्राला ओढून धरलं होतं. पश्चिम समजून मी नदीला समांतर, सिरोंच्याच्या रानाकडे चाललो होतो. शाळेतलं पोरही सांगेल असली ही गोष्ट माझ्यासमोर उभी होती आणि मला दिसली नव्हती. मी विमान वळवलं. बराच वेळ काहीच नाही. मग धुरातून वाळू चमकली, वाळूमागे पाणी. नदी ओलांडून उत्तर धरली, गोंडपिपरी मागे पडलं, आणि पुढे ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. रोज ज्यांच्या राखेला नावं ठेवतो, त्या चिमण्या बघून मला रडू फुटलं.

चाकं टेकल्यावर बाईला सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तू मूर्ती उचलली नसतीस तर आपण घरी आलो नसतो. तिने भीतीपोटी उचलली की कोणी उचलायला लावली, हे मी तेव्हाही विचारलं नाही आणि आजही विचारत नाही. मूर्तीवरची बाईची मूठ अजून घट्ट होती.

“तिले आपण तिथी चिकटवून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “तिले मांडीवर यायचं होतं.”

मूर्ती आता गोंडपिपरीला, बाईच्या देव्हाऱ्यात असते. होकायंत्राशेजारी पट्टीचा डाग राहिला आहे, तो मी पुसलेला नाही. उडण्याआधी इशाऱ्याचे दिवे बघतो, होकायंत्र बघतो, आणि मग त्या रिकाम्या जागेला हात जोडतो.