गोल पिंपाचे कोपरे

माझी बायको महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. फाल्गुनात ती गेली. मागे एकशे चाळीस मोठे कागद ठेवून गेली. प्रत्येक कागदावर दाबून सुकवलेलं एक झाड, खाली तिच्या बारीक अक्षरात नाव, गाव आणि तारीख. पोलादपूरच्या घाटातली नेची, सवच्या गरम कुंडांजवळचं गवत, तळीयेच्या वरच्या उतारावरची एक वेल. तो उतार आता नाही. दरडीबरोबर खाली आला. वेल मात्र कागदावर आहे.

हे कागद गडचिरोलीकडच्या एका कॉलेजला द्यायचे, असं तिने शेवटच्या महिन्यात मला दोनदा सांगितलं होतं. तिथे तिची जुनी विद्यार्थिनी शिकवते. आमच्या दमट हवेत बुरशी धरते, म्हणून पावसाळाभर ती कपाटात बल्ब लावून ठेवायची, रोज कागद चाळायची. मला ते जमणार नाही हे तिला माहीत होतं. पाऊस लागायच्या आत पाठवायचं, एवढंच माझ्याकडे काम होतं.

मी ते पिंपात भरले. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. पण महापुरात आमच्या खालच्या मजल्यावरचं सगळं चिखल झालं आणि झाकणाला कडी असलेलं एक निळं पिंप तेवढं तरंगत वर राहिलं. त्यात हेच कागद होते. तेव्हापासून महाडात घराघरात तसं पिंप आहे, आणि जपायचं ते त्यात जातं. मी कागद उभे लावले, उरलेल्या जागेत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले आणि कडी लावली.

कुरिअरच्या संकेतस्थळावर मी दोन्ही पिनकोड घातले आणि वजन घातलं, साडेपाच किलो. सहाशेच्या आसपास आकडा आला. लांबी-रुंदी-उंचीचे तीन चौकोनही तिथे होते. ते मी रिकामे सोडले. मला वाटलं, वजन दिलंय, आणखी काय हवं?

काउंटरवरच्या मुलीने पिंप काट्यावर ठेवलंच नाही. टेप काढली. चाळीस, चाळीस, साठ.

"काका, वीस किलो धरतील. दोन हजार एकशे."

"वजन साडेपाच आहे. काट्यावर ठेवून बघा."

"वजन हाय तेवढंच हाय ओ. पण जागा किती खातंय बघा की. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. सगळीकडं असंच हाय."

"लांबी-रुंदी पेटीला असते. हे गोल आहे. याला कोपरे नाहीत. नसलेल्या कोपऱ्यांचे पैसे का घेता?"

तिने संगणकाकडे पाहिलं. "सिस्टीममध्ये गोल नाय."

मागे पाचाडचा एक खानावळवाला उभा होता, मुंबईच्या लेकाला तांदळाचे पापड पाठवायला आलेला. तो म्हणाला, "सर, चौदा लिटर पाणी भरा की वरनं. तेवढ्याच पैशात तेबी जाईल!"

रांग हसली. मुलगीही हसली. मग तिने फॉर्म पुढे ओढला. "आत काय हाय?"

"सुकवलेली झाडं."

"म्हंजे पालाच ना? किंमत शून्य टाकू?"

मी पिंप उचललं आणि घरी आलो. आयुष्यात मी कुणावर फारसा आवाज चढवला नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पण रिक्षात पिंप धरून मी हिशोब करत होतो. एक बाई तीस वर्षं उन्हातान्हात डोंगर चढते, एकेक पान टिपकागदात दाबते, त्याचं नाव शोधायला रात्ररात्र ग्रंथ चाळते, आणि त्याची किंमत शून्य. भोवतालच्या हवेचे मात्र चौदा किलोचे पैसे.

मी कंपनीला पत्र लिहिलं. गोलाकार वस्तूचं घनफळ कसं काढतात ते आकृतीसह समजावलं. तीन दिवसांनी उत्तर आलं: प्रिय ग्राहक, आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद आहे. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, शब्दाशब्दाने तेच. त्या आठ दिवसांत पिंप ओटीवर बंद होतं आणि बाहेर पाऊस लागला होता.

नवव्या दिवशी त्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, कागद निघाले का? कशात ठेवलेत?" मी सांगितलं. "सर, मॅडम पिंपात फक्त पुराच्या वेळी ठेवायच्या. बंद पिंपात दमट हवा कोंडते. पावसाळ्यात त्या एक दिवससुद्धा ठेवायच्या नाहीत."

कडी काढली तर ओलसर वास आला. पिंप पाण्याला आत येऊ देत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

दोन दिवस कपाटात बल्ब लावून कागद सुकवले. तिच्याच प्लायवूडच्या दोन फळ्यांत ठेवून तिच्याच सुती पट्ट्यांनी आवळले. गठ्ठा वीतभरही उंच झाला नाही. बाकी सगळी हवाच होती, हे मला कबूल करावं लागलं. पण कोपऱ्यांचं मी कबूल केलेलं नाही.

या वेळी मुलीने टेपही लावली आणि काट्यावरही ठेवलं. साडेपाचशे. फॉर्म मी मागून घेतला. वर्णन लिहिलं: वनस्पतींचे नमुने, एकशे चाळीस, नावांसह. किंमत लिहिली: दोन हजार एकशे.

"एवढी? पानांची?"

"हवेची एवढी होती ना तुमच्याकडे?"

तिने शिक्का मारला. मग पट्टीची एक गाठ सैल होती ती स्वतःच आवळून दिली.

पाचव्या दिवशी गडचिरोलीहून फोन आला. पोचले. एकशे सदतीस चांगले आहेत, तीन कागदांवर बुरशी आहे. कोणते, ते मी विचारलं. तिने वाचून दाखवले. दोन गवतं आणि तळीयेची वेल.

ते आठ दिवस मी पत्रं लिहीत होतो.