लाल दिव्याचा रिकामा होल्डर

उद्या सकाळी माझी मुलगी गॅरेजमध्ये कामाला जाणार आहे की हत्यारांची पेटी उचलून आणायला, हे मला कळत नाही. संध्याकाळपासून डोक्यात दुसरं काही शिरत नाही. विचारायला गेले तर "आई, झोप आता," म्हणाली. जेवली नाही. हातही नीट धुतले नाहीत.

हे हात तिचे लहानपणापासून असेच. सहावीत असताना ती दारावरची बेल उघडून बसली होती, कारण ती कुणी न दाबता वाजायची. आम्ही नवी आणायला निघालो होतो. हिने वायरचा सोललेला तुकडा शोधून आमच्यासमोर धरला. मी तिला बँकेच्या खुर्चीत पाहत होते. ती डिप्लोमा करून गाड्यांच्या वायरिंगमध्ये शिरली, त्याला नऊ वर्षं झाली. गॅरेजमध्ये तिला 'मीटरबाई' म्हणतात. आधी तो टोमणा होता. ती आली की हेडमिस्त्री म्हणायचा, मीटरबाई आल्या, आता गाडीचा ताप बघा. हळूहळू तेच नाव पडलं, कारण मोजल्याशिवाय ती बोलतच नाही. तिची एक सवय आहे. पाना उचलण्याआधी पुढच्या चाकाजवळ फरशीवर खडूने लिहिते: इंजिन बंद असताना बॅटरी किती, चालू असताना किती, काय लागतं, काय लागत नाही. 'बॅटरी गेली' असं तोंडातून काढायला तिला अर्धा तास लागतो. हेडमिस्त्रीला अर्धं मिनिट.

आता ज्या गाडीवरून हे सगळं झालं ती गाडी माझ्या मोठ्या दिरांची. पन्नास वर्षांची, सायीच्या रंगाची. आरशावर कुणाचं बोट उमटलं तरी त्यांचा चेहरा बदलतो. वर्षभर तिची बॅटरी उतरत होती. हेडमिस्त्रीने दोनदा नवी बॅटरी बसवली. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. दर वेळी आठ दिवसांत गाडी पुन्हा ढकलायला माणसं शोधा. दिरांनी गॅरेजात जाऊन सगळ्यांचा उद्धार केला, तेव्हा परवा मालकांनी गाडी मीटरबाईंकडे दिली.

तिने चावी फिरवली. अशा वेळी चार्जिंगचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवा. तो लागलाच नाही. खडूची पहिली ओळ तीच होती: लाल दिवा नाही. मग इंजिन सुरू केलं, तर बॅटरीवर बारा पॉइंट तीन व्होल्ट, वर सरकेना. जोरात रेस केलं, तर एकदम चौदा. मला तिने त्या रात्री जेवताना चमचा हलवत समजावलं. या गाडीत तो दिवा नुसता इशारा देत नाही. बॅटरी भरणाऱ्या आल्टरनेटरला जागं करायला जो थोडासा करंट लागतो, तो त्या दिव्यातूनच जातो. बल्ब नसला की आल्टरनेटर झोपून राहतो. गाडी जोरात पळवली तर कधी आपोआप जागा होतो, म्हणून सगळे फसतात. तिने डॅशबोर्डच्या मागे हात घातला, तर होल्डर रिकामा. बोटाच्या पेराएवढा बल्ब लावला आणि चार्जिंग सुरू झालं.

शाबासकी मिळायला हवी होती. पण दोन बॅटऱ्या कुणी बदलायला लावल्या, हा प्रश्न आला असता ना. म्हणून आज सगळ्यांसमोर हेडमिस्त्री म्हणाला, "बल्ब काय पाय फुटून गेला? हिनेच काढला आणि हिनेच लावून दाखवला." मालकांनी दिरांना फोन करून विचारलं. दीर म्हणाले, मला त्यातलं काही माहीत नाही. खडूचं लिखाण दाखवावं, तर काल संध्याकाळी फरशी धुतली होती. मालकांनी सांगितलं, उद्या सर्वांपुढे कबूल कर, नाहीतर पेटी घेऊन जा.

तो बल्ब कुठे गेला ते मला माहीत आहे.

गेल्या वर्षी दीर आमच्याकडे चहाला आले होते. याच टेबलाशी बसून हसत हसत सांगत होते, की तो लाल दिवा अधूनमधून मिणमिणायचा, डोळ्यात खुपायचा, शेवटी काढूनच टाकला. "त्याचं तोंडच बंद केलं," म्हणाले. माझा नवरा हसला. मी कप उचलत होते, मीही हसले असेन. मुलगी घरी नव्हती.

आज ती सांगत होती तेव्हा मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, म्हणजे त्यालाही आठवलं होतं. ती खोलीत गेल्यावर म्हणाला, "दादाला या वयात खोटं पाडायचं का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ दादांची आणि चटके पोरीला?"

"तिला दुसरं गॅरेज मिळेल."

कुठलं मिळेल? स्वतः बिघाड करून स्वतःच शोधते, असं नाव लागलेल्या माणसाच्या मीटरवर कोण विश्वास ठेवणार? नऊ वर्षं तिने एकही आकडा खोटा सांगितला नाही, आणि एका म्हाताऱ्या माणसाला 'मीच काढला' एवढे दोन शब्द जड झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर आपल्याच घरचा, म्हणून आम्ही दोरी धरायची. नवरा आत घोरतो आहे. त्याचाही राग येतो. सगळ्यात जास्त माझा येतो. तीस वर्षं 'भाऊजी, साखर पुरे ना' करत आले आणि आज पोर समोर रडवेली बसलेली असताना मीही तोंड बंदच ठेवलं.

तिने मला बजावलं आहे, मालकांना फोन करायचा नाही, मी शाळेत नाही. बरोबर आहे तिचं. मालकांना मी करणार नाही. तो फोन ज्याने बल्ब काढला त्याने करायचा. आणि केला नाही, तर आठ वाजता मी गॅरेजच्या दारात उभी असेन, हेही त्यांना कळायला हवं.

सव्वा वाजला आहे. दिरांची झोप मोडेल. मोडू दे. वही बाजूला ठेवते आणि नंबर लावते. पहिलं वाक्य ठरलं आहे: भाऊजी, गॅरेज आठला उघडतं, आणि तो लाल दिवा तुम्ही काढला होता.