दिगंबर सरांची गूळतुला

शिक्षकखोलीत साचणाऱ्या कागदांची एक सोय असते. वर्ष संपले की रद्दीवाला येतो, तराजू धरतो आणि गठ्ठे घेऊन जातो. किश्शांची तशी सोय नाही. ते कोणी वजनावर नेत नाही आणि प्रत्येक मधल्या सुट्टीत त्यांत भर पडत राहते. कुंभार पिंपळगावला मी संस्कृत शिकवतो. आमच्या शिक्षकखोलीत अलीकडे साचलेले बहुतेक किस्से एकाच माणसाचे आहेत. ते म्हणजे गणिताचे दिगंबर सर. ऐकणारे हसतात, मीही हसलो आहे. परंतु हे सगळे घडत होते तेव्हा त्यांच्या घरात कोणाला हसू येत नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे.

*

सरांची नात गौरी सहा वर्षांची. तिच्या हृदयाला छिद्र होते. शस्त्रक्रिया शहरात झाली. मुलीला आत नेऊन दार बंद झाले तेव्हा बाहेर सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या लतावहिनी, दोघेच उभे होते. भिंतीशी वजनाचा काटा होता. वहिनींनी सरांना हाताला धरून त्यावर उभे केले. काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. वहिनींनी तिथेच पदर पसरला.

"आई, माझं लेकरू घरी येऊ दे. ह्यांच्या भारोभार गूळ तुझ्या पायाशी घालीन."

लेकरू घरी आले. वर्षाने एक शेवटची तपासणी करायची, मग काळजी नाही, असे डॉक्टर म्हणाले. ती झाली की चैत्रात गावदेवीपुढे तुला करायची असे ठरले.

मध्येच सरांच्या रक्तात साखर निघाली. याच रोगात त्यांच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता, आणि तो पाय सरांनी आपल्या हाताने धुतलेला होता. डॉक्टरांनी पोट उतरवायला सांगितले. स्वतःच्या देखरेखीखाली कीटो आहार लिहून दिला. भाकरी, भात, साखर, गूळ बंद. पनीर, अंडी, तूप, पालेभाज्या सुरू.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "देवीला चौऱ्याऐंशी किलोचा माणूस दाखवला, अन् पारड्यात सत्तरचा नेऊन बसवणार? लेकराच्या जिवाशी खेळून राह्यले का तुम्ही?"

"कमी पडलेला गूळ वरून देऊ की," सर म्हणाले.

वहिनी तडक गुरवाकडे गेल्या. गुरव म्हणाला, "वरून दिला तो दान झाला, बाई. नवस म्हंजे पारड्यात बसंल त्याच्या भाराचा!"

तेव्हा घरात अट पडली. काटा एक किलोने जरी उतरला, तरी त्याच दिवसापासून भाकरी. सरांनी ती मान्य केली. एका बाजूला वडिलांचा पाय आणि दुसऱ्या बाजूला नातीचे हृदय! वजन उतरावे म्हणून उपाशी राहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. वजन उतरू नये म्हणून देवापुढे हात जोडून मग पथ्याला बसणारा माणूस एकच पाहिला.

*

पहिल्याच आठवड्यात काटा ब्याऐंशीवर आला.

सरांनी शाळेच्या व्हरांड्यातून डॉक्टरांना फोन लावला. मी शेजारीच उभा होतो.

"डॉक्टर, वजन उतरलं हो!"

"अभिनंदन, सर!"

"अभिनंदन कसलं करता? ते परत चढवा!"

मग डॉक्टर म्हणाले, "सर, असा फोन मला आजवर कोणी केला न्हाई."

सरांनी नवसाची हकिगत सांगितली. डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडले. त्यांनी समजावले की आरंभी शरीरातले पाणी उतरते. भाकरी एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा, आणि रोज जोर-बैठका काढा. चरबी जाईल, स्नायू येतील. काट्याला दोन्ही सारखेच.

सरांनी घरी ब्याऐंशीचा आकडा लपवला नाही. वहिनींनी भाकरी वाढली, त्यांनी निमूट खाल्ली. काटा परत चौऱ्याऐंशीवर चढला तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नव्याने आरंभ केला. पहाटे ते शेतात जोर काढू लागले. सालगडी बांधावर उभा राहून विचारायचा, "मास्तर, कोणासंगं कुस्ती ठरली?"

*

सरांचे पाहून विज्ञानाच्या शैला मॅडमनी कीटो सुरू केले. डॉक्टरांना न विचारता केले. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे करायला नको होते. त्यांनीच शिक्षकखोलीत एक वजनकाटा आणून ठेवला. दर शनिवारी शाळा सुटली की दोघे त्यावर उभे राहत.

महिना झाला. मॅडम काट्यावर चढल्या. आकडा तोच. त्यांचे डोळे भरून आले. "महिनाभर चपातीला हात लावला नाही हो मी!"

मग सर चढले. आकडा तोच. सरांनी डोळे मिटून हात जोडले.

क्रीडाशिक्षक वसंत सर दारात उभे होते. ते म्हणाले, "वा रे काटा! हलला न्हाई तर बाईंना सुतक अन् सरांना दिवाळी!"

याच वसंत सरांनी दिगंबर सरांच्या पट्ट्याला खिळ्याने नवी भोके पाडून दिली. एक पाडले, दुसरे पाडले, तिसरेही पाडले. आकडा चौऱ्याऐंशी, आणि पट्ट्याचे टोक मात्र फिरत फिरत पाठीकडे निघाले. चौथ्या भोकाच्या वेळी वसंत सर म्हणाले, "सर, ह्या पट्ट्यात आता जागा लई झाली. मला बी आत घ्या!"

शिक्षकखोली हसली. दिगंबर सर हसले नाहीत. काटा त्यांच्या बाजूने होता. पट्टा नव्हता, आणि लोकांना पट्टाच दिसतो.

*

सर आणि मी दोघेही घनसावंगीला राहतो आणि शाळेला जीपने ये-जा करतो. मधल्या सीटवर चौघे बसवायचा नेम. परंतु दिगंबर सर असले की तिघेच. चालक राजू याबद्दल कुरकुर करी, पण सरांपुढे नाही. एके सकाळी त्याने सरांच्या शेजारी चौथी म्हणून एक बाई बसवली आणि दार आपटले. दार लागले!

"बघा सर, बराबर बसल्या! तुमचं पोट गेलं अन् माझं एक सीट वाढलं."

ती बाई गुरवाच्या शेजारची होती. तिने सरांना वरून खाली एकदा नीट पाहिले.

संध्याकाळपर्यंत घनसावंगीच्या बाजारात वाक्य फिरले: "मास्तर देवीला गंडवून राह्यला. नवस बोलला तवा केवढा होता, अन् आता बघा!"

सरांच्या सचोटीबद्दल गावात तोवर कोणी अवाक्षर काढले नव्हते. परीक्षेत अर्धा गुण कोणाला फुकट न देणारा हा माणूस. ते वाक्य ऐकून सर बाजारातून पिशवी रिकामीच घेऊन परतले. आणि ते वाक्य त्यांच्या आधी घरी पोहोचले होते.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लतावहिनी शिक्षकखोलीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात सरांची जुनी पँट होती. त्यांनी ती टेबलावर पसरली. अंगातल्या पँटपेक्षा ती कमरेला वीतभर मोठी होती.

"चढा काट्यावर," त्या सरांना म्हणाल्या. "सगळ्यांदेखत चढा."

सर चढले. चौऱ्याऐंशी.

वहिनींनी वाकून काट्याखाली पाहिले. मग सरांचे खिसे चाचपले. खडूचे दोन तुकडे आणि एक रुमाल निघाला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, तुम्ही रोज पूजा करणारे माणूस. तुम्ही सांगा. हा काटा खोटा हाय का न्हाई?"

अशा वेळी तोंडी साक्ष पुरत नाही. पोषण आहाराच्या तांदळाचे एक न फोडलेले पोते मी आणवले. पोत्यावर पन्नास किलो छापलेले होते. वसंत सरांनी ते काट्यावर ठेवले. काट्याने पन्नास दाखवले, वर पोत्याचे थोडे.

"काटा खरा आहे, वहिनी," मी म्हणालो.

शैला मॅडमनी चरबी आणि स्नायू यांचे सगळे समजावून सांगितले. एक किलो कापूस आणि एक किलो सरकी यांचे उदाहरण दिले. वजन एकच, कापसाला पोते लागते आणि सरकी पिशवीत मावते. वहिनी कापसाच्या घरातल्या. त्यांना उदाहरण कळले. त्यांनी मान हलवली. पँटची घडी घातली. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"ते सगळं पटलं, मॅडम. मंग पोट गेलं कुठं?"

घंटा झाली. मॅडम वर्गाकडे निघाल्या.

*

फाल्गुनात गौरीला ताप आला.

मी संध्याकाळी विचारपूस करायला गेलो. पोरगी पलंगावर पडली होती, गाल लाल झाले होते. साधा ताप आहे, हृदयाशी संबंध नाही, असे डॉक्टर सांगून गेले होते. वहिनींना ते ऐकू आले नव्हते. त्यांनी सरांपुढे ताट ठेवले होते. दोन बाजरीच्या भाकरी आणि गुळाचा मोठा खडा.

"वजन तेवढंच हाय ना गं?" सर हळू म्हणाले.

"वजनाचं बोलू नका. लेकराकडं बघा. तुम्ही रोज आटून राह्यले, अन् देवी आठवण द्यायली. खा!"

सर ताटाकडे पाहत होते. मला त्यांच्या वडिलांचा पाय आठवला. त्यांनाही तोच आठवला असावा. त्यांनी गुळाकडे हात नेला. त्यांना थांबवण्याचा अधिकार मला नव्हता आणि वहिनींना खोटे ठरवण्याचे धैर्यही नव्हते. मी मनात स्तोत्र म्हणू लागलो.

पलंगावरून बारीक आवाज आला.

"आजी, तो गूळ देवीचाय ना? आजोबांनी आधीच खाल्ला, तर देवी रागवंल की!"

सरांचा हात तिथेच थांबला. वहिनींनी नातीकडे पाहिले. मग त्यांनी ताट उचलले आणि खडा देवघरात नेऊन ठेवला. त्या रात्री सरांना पनीर मिळाले, आणि पहिल्यांदाच ते वहिनींनी आपल्या हाताने परतले.

दोन दिवसांत ताप उतरला.

*

गौरीची शेवटची तपासणी निर्दोष निघाली. सरांची साखरही डॉक्टरांना हवी होती तेवढी उतरली. चैत्रात तुला झाली.

देवळापुढच्या लिंबाला आडतीवरचा जुना मोठा तराजू टांगला होता. गुऱ्हाळावरून गुळाच्या ढेपा आणल्या होत्या, बरोबर चौऱ्याऐंशी किलोच्या. सकाळी घरी सरांना काट्यावर उभे करून वहिनींनी स्वतः आकडा पाहिला होता. तरीही गाव जमले होते, आणि गाव कशासाठी जमले आहे हे सर्वांना ठाऊक होते.

सर धोतर-उपरण्यात आले. पोट नव्हते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मागून कोणीतरी म्हणाले, "निम्मा गूळ परत न्यावा लागंल."

पारड्यात वहिनींनी जाड घोंगडी घडी करून अंथरली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. सर बसताना जरा अवघडले. मी तो संकोच समजलो. गौरी गुरवाच्या शेजारी हात जोडून उभी होती.

वसंत सर ढेपा चढवू लागले. चाळीस झाले. साठ. ऐंशी. सरांचे पारडे जमिनीवरच. मागचे बोलणे थांबले. शेवटची ढेप ठेवली. चौऱ्याऐंशी पुरे झाले.

पारडे हलले नाही.

सरांचा चेहरा पांढरा पडला. नवस कमी पडणार म्हणून सगळे जमले होते आणि गूळच कमी पडला होता! गुरवाने घंटेकडे नेलेला हात खाली घेतला. सर पारड्यातून म्हणाले, "आणा. असंल तेवढा आणा."

राजू जीप घेऊन पळाला. किराणा दुकानातून पाच किलोची एक ढेप आली. ती ठेवली तशी तराजूची दांडी डुलली, डुलली आणि सरळ झाली. गुरवाने घंटा वाजवली. "फिटला! नवस फिटला!"

मागच्या एका म्हाताऱ्याने सरांना आपणहून हात जोडले. सर उतरले आणि देवीपुढे लोटांगण घातले. आजीला मदत म्हणून गौरीने पारड्यातली घोंगडी ओढली.

घोंगडीतून पाट्याचा वरवंटा निसटला, फरशीवर गडगडत गेला आणि गुरवाच्या पायाशी थांबला.

सर उठले. त्यांनी वरवंट्याकडे पाहिले आणि मग पत्नीकडे.

"अगं, सकाळी तूच पाह्यलं ना? चौऱ्याऐंशी होतं की बराबर!"

लतावहिनींनी वरवंटा उचलला आणि पदराने पुसला.

"काट्यावर चौऱ्याऐंशी होतं, ते म्या पाह्यलं," त्या म्हणाल्या. "पण देवी काटा बघती का पोट बघती, मला काय ठाऊक?"