कडबाकुट्टीत गेलेली बोटं

ती घटना आठवली की आजही मी गप्प होतो, आणि मी गप्प बसणारा माणूस नव्हे, हे घरचे सांगतील.

तेव्हा मी सांगलीला फौजदार होतो. सरकारी दवाखान्यातून ठाण्यात जखमीची खबर आली. आटपाडीकडचा कामगार, उजव्या हाताची बोटं तुटलेली, कारण काय तर घरी चारा कापायच्या कडबाकुट्टीत हात गेला. आमच्याकडे कारखान्यात तुटलेली बोटं कडबाकुट्टीच्याच माथी मारायची रीत पडली होती. अपघात झाला की तो कारखाना निरीक्षकांना कळवणं मालकावर बंधनकारक असतं. मग निरीक्षक येतात, मशीन बंद पाडतात. ते टळावं म्हणून ही थाप.

दुपारी निनावी फोन आला, की हात माधवनगरजवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेलाय. मालकाला बोलावलं. तो साखर पेरत म्हणाला, माणूस त्या दिवशी रजेवर होता. असल्या गोडव्याची मला चीड आहे. हवालदाराला कारखाना बघायला पाठवलं आणि मी दवाखाना गाठला.

जखमीनं कुट्टीचंच तुणतुणं लावलं. मी सहज विचारलं, जनावरं किती? उशाशी बसलेली बायको बोलून गेली, की दोन्ही म्हशी दुष्काळामुळे महिनाभर सरकारी चारा छावणीत आहेत. मग कुट्टी कुणासाठी चालवत होतास, बाबा? त्यानं पट्टी बांधलेला हात चादरीखाली ओढला. शेवटी बायकोनंच रडत सांगितलं, की गप्प राहिला तर मालक बसून करायचं काम देणार होता. थोट्या हाताला दुसरीकडे कोण उभं करणार?

मी आवाज चढवणार, एवढ्यात त्यानंच विचारलं, "सायेब, ते मशीन बंद हाय न्हवं?"

हवालदाराचा फोन येऊन गेला होता. मी सांगितलं, चालू आहे, दुसरा माणूस बसवलाय.

तो उठून बसायला धडपडला. "त्येची हात अडवणारी जाळी काढून ठेवलीया, माल लवकर निघावा म्हणून. लिवा सायेब. माझं काय हुईल ते हुईल, त्येचा हात जायाला नगं."

बायकोनं डोळे पुसले आणि त्याला टेकून बसवलं. एरवी सही करणाऱ्या त्या माणसानं फिर्यादीवर डाव्या हाताचा अंगठा दिला. संध्याकाळच्या आत निरीक्षकांनी मशीन बंद केलं, मालकावर गुन्हा दाखल झाला.

खरं काढायला धाक लागतो, असं मी ठाण्यातल्या नव्या पोरांना शिकवत आलो होतो. त्या दिवसापासून ते शिकवणं सोडलं. भाकरीवर पाणी सोडून तो माणूस खरं बोलला, आणि मशीनवर कोण बसलाय, एवढंही त्यानं विचारलं नाही.