कमी वासाचं सोल्युशन

डॉक्टरांनी प्रश्न माझ्या बहिणीला विचारला होता. उत्तर मी दिलं, आणि ते खोटं होतं.

"घरी काही काम करता का? रंग, केमिकल, कुठलं सोल्युशन वगैरे हाताळता?" एवढंच त्यांनी विचारलं. नागपुरातला दवाखाना होता, बाहेर गर्दी होती, आणि तरीही त्या माणसाने नेमका हवा तो प्रश्न विचारला होता. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. असल्या गोष्टी दादाला कळतात, ही तिची लहानपणापासूनची समजूत. मी म्हणालो, "नाही डॉक्टर. साड्यांवर खडे चिकटवते. साधा गोंद असतो, पाण्यात कालवलेला." डॉक्टरांनी मान हलवली, तेच कागदावर लिहिलं आणि नसांच्या गोळ्या व इंजेक्शनं दिली. विटॅमिन कमी पडलं असावं, म्हणाले.

तो गोंद पाण्यातला नव्हता. तो कशातला आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, कारण तो मी बनवला होता.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि एका लहानशा कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. आम्ही चिकटवायची सोल्युशनं बनवतो. चपलेचा तळ, गाडीचं सीट, साडीवरचे खडे, असं काहीही चिकटवायचं तर रबर किंवा राळ एखाद्या द्रावकात विरघळवावी लागते. द्रावक उडून जातं, चिकटणारा थर मागे राहतो. आधी आम्ही टोल्युइन वापरायचो. त्याला उग्र वास. दुकानदार तक्रार करायचे की खडे लावणाऱ्या बाया डोकं धरून बसतात. तेव्हा मीच मालकांना सुचवलं की हेक्झेन जास्त असलेलं द्रावक घेऊ. ते लवकर वाळतं आणि वास जवळजवळ नाही. मालक खूश झाले. डब्याच्या नव्या लेबलवर मोठ्या अक्षरात आलं : कमी वासाचं.

नव्या द्रावकाच्या पिंपांबरोबर सुरक्षिततेची माहिती देणारे इंग्रजी कागद आले होते. ते वाचून सही करणं माझं काम. मी वाचले. त्यात लिहिलं होतं की बंद जागेत याची वाफ फार दिवस श्वासात गेली तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. ती ओळ मला नवी नव्हती. कॉलेजात शिकलो होतो. म्हणूनच आमच्या मिक्सिंगच्या शेडला मोठे एक्झॉस्ट पंखे आहेत, तिथल्या हवेत वाफ किती चालेल याला नियमाने मर्यादा आहे, तपासणीला माणूस येतो. लेबलच्या मराठी मसुद्यात मी लिहिलंही होतं, "मोकळ्या हवेत वापरा". पण डबा लहान. ज्वालेचं चिन्ह, आगीपासून दूर ठेवा, मुलांपासून दूर ठेवा, एवढं बसवल्यावर अक्षरं मुंगीएवढी होत होती. ती एक ओळ मी काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण नागपूरजवळच्या खाप्याला दिली आहे. तिच्या घरी ती आणि तिची जाऊ दोघी साड्यांवर खडे लावायचं काम करतात. नागपूरची दुकानं साड्या पाठवतात, या दोघी लांब नळीच्या बाटलीने सोल्युशनचा थेंब टाकतात आणि त्यावर चिमट्याने खडा ठेवतात. जावेचा हात बरा आहे. बहिणीचा हात असा की लग्नाचे शालू फक्त तिच्याकडे यायचे. पदरावरचा मोर करताना ती श्वास रोखून बसायची आणि झाल्यावर आधी स्वतःच हसायची. दुकानदार म्हणायचे, या बाईच्या साडीचा खडा धुण्यातही निघत नाही.

नवं सोल्युशन तिला मीच नेऊन दिलं, आमच्याच कारखान्यातून. तिने झाकण उघडून नाक लावलं.

"दादा, हे खरंच सोल्युशन आहे का पाणी आणून देलं? वास तर येऊनच नाही राहिला."

"तेच तर," मी म्हणालो.

"काही होणार त नाही ना गा याच्यानं? जुन्यानं डोकं भणभणत जाये."

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी कारखान्यातही सगळ्यांना ऐटीत सांगत असे. म्हणालो, "तू ज्या तेलात आलुबोंडे तळते ना वं, ते सोयाबीनचं तेल बहुतेक याच्यानंच काढतात. सोयाबीन चुरून त्यात हेक्झेन सोडतात, तेल त्यात उतरतं, मग हेक्झेन उडवून लावतात. अख्खा विदर्भ खाऊन राहिला, कोणाले काय झालं?"

"म्हणजे आपण रोजच पिऊन राहिलो म्हणा," ती म्हणाली आणि दोघी जावा हसल्या.

मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. तेलातून ते काढून टाकतात, किती अंश राहू द्यायचा याला मर्यादा असते, तपासणी असते. पण तेलात उरलेला कण खाणं आणि ओल्या थेंबांवर वाकून दिवसभर त्याची वाफ ओढणं यांतला फरक मला कळत होता, तिला नव्हता. खऱ्या गोष्टीचा अर्धा भाग सांगून माणसाला किती निश्चिंत करता येतं, हे मी त्या दिवशी केलं. कारखान्याला लागणारा नियम कारखान्याच्या फाटकापाशी थांबतो. घरातल्या खोलीत हवा मोजायला कुणी येत नाही. तिथे नियमाच्या जागी भाऊ होता.

त्याहून वाईट पुढे. तिच्या दारासमोरून रेतीचे ट्रक जातात. धूळ उडते आणि ओल्या थेंबांवर बसते. एकदा दुकानाने दोन शालू परत पाठवले, खडे धुरकट दिसतात म्हणून. ती रडवेली झाली. मी केमिस्ट. मी उपाय सांगितला. "आतल्या खोलीत बस. दार-खिडकी लावून घे. पंखाही बंद ठेव, वाऱ्यानं सोल्युशनवर साय धरते." तिने ऐकलं. दादाने सांगितलेलं तिने कधी मोडलं नाही. जाऊबाई मात्र उंबऱ्यातच बसत राहिली, कारण रस्त्यावर कोण आलं-गेलं हे पाहिल्याशिवाय तिचा हात चालत नाही. तिच्या साड्यांवर धूळ बसायची, ती पुसून टाकायची.

दिवाळीनंतर बहिणीच्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग तळवे बधिर झाले. अंगणात चालताना चप्पल मागे राहायची आणि ती तशीच पुढे जायची, शेजारीण हाक मारायची, "चप्पल राहिली वं." मग बोटं. चिमट्यातून खडे पडायला लागले. घरात कुरकूर सुरू झाली. जाऊ माझ्यासमोरच म्हणाली, "तेच सोल्युशन, तेच खडे. मले काहून नाही होत? राणीसाहेबालेच मुंग्या येऊन राहिल्या म्हणते."

बहीण म्हणाली, "तुमी घ्या माह्या मुंग्या अर्ध्या. मी नाही म्हणत का?"

सगळे हसले. मीही हसलो. जाऊ उंबऱ्यात बसते आणि बहीण बंद खोलीत, हे मला दिसत होतं. त्याच आठवड्यात मी तिला नागपूरला दवाखान्यात नेलं. तोपर्यंत मला नुसती शंका होती. डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला तेव्हा कागदावरची ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली, आणि तोंडातून आलं, "साधा गोंद."

का बोललो असं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नोकरीची भीती होती, ते खरं. पण त्याहून मोठी भीती तिने माझ्याकडे पाहिलं त्या नजरेची होती. त्या नजरेत मी सगळं माहीत असलेला दादा होतो. तेवढी जागा सोडवेना. म्हटलं, हळूच काम बंद करायला लावू, आपोआप बरी होईल. पण काम बंद कर असं सांगायला कारण सांगावं लागतं. मी फक्त म्हणालो, "थोडा आराम कर वं." आणि ती म्हणाली, "सीझन आहे दादा, लग्नं निघाली." ती त्या बंद खोलीत परत बसली. गोळ्या घेत, इंजेक्शनं घेत, माझंच सोल्युशन ओढत, चार महिने.

एका रविवारी सकाळी जावेचा फोन आला. आवाजात नेहमीची टोचणी नव्हती. बहीण पोळ्या करत होती. पोळी उलटताना तिची बोटं तापलेल्या तव्यावर टेकली आणि तशीच राहिली. करपल्याचा वास आला म्हणून जाऊ धावली. "पोळी जळाली वाटलं मले," ती म्हणाली आणि रडायला लागली. "दादा, तिले कळलंच नाही. ती माह्याकडं पाहून बोलून राहिली होती."

मी सोमवारी कारखान्यातून तो सहीचा कागद घेतला आणि एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, मागे मी खोटं बोललो. ती याच्यावर काम करते, बंद खोलीत, पंखा न लावता. आणि हे मी बनवतो.

डॉक्टरांनी कागद शेवटपर्यंत वाचला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अजूनही करताहेत काम?"

"हो."

"आजपासून बंद. सोल्युशन घरातच नको." मग त्यांनी सांगितलं की बंद केल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, त्याला घाबरायचं नाही, नंतर नसा हळूहळू सावरतात. पुष्कळ सुधारणा होते. बारीक काम परत जमेल का, विचारल्यावर ते म्हणाले, "तेव्हाच थांबवलं असतं तर जास्त खात्रीने सांगता आलं असतं." एवढंच. मी दाराशी गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना सांगितलंत?" मी नाही म्हणालो.

दवाखान्यातूनच मी फोन करून जावेला खोली उघडायला आणि डबे बाहेर काढायला सांगितलं. मालकांनाही त्याच दिवशी सांगितलं की लेबलवर ती ओळ घालायची आहे आणि "कमी वासाचं" काढायचं आहे. ते चिडले, मग विचारात पडले. ओळ आता लेबलवर आहे. त्याबद्दल मी स्वतःला काही श्रेय देत नाही. तेवढी जागा डब्यावर पहिल्यापासून होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने खाप्याला गेलो. दुपार होती. बहीण अंगणात पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत. जाऊ आत चहा करायला गेली. बहीण खूप बारीक झाली होती. मला पाहून म्हणाली, "काहून गा दादा, आज सुट्टी?" आणि मी उत्तर द्यायच्या आत समोरच्या घरी नवीन सून आली त्याबद्दल सांगायला लागली. रस्त्याकडे पाहत, हातवारे करत. सून कशी उंच आहे, बापा, दारातून वाकून जाते.

बसमध्ये मी वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना. आमच्याकडे मोठा भाऊ धाकट्या बहिणीची माफी मागत नाही. काही चुकलं तर साडी आणतो, नाहीतर दोन दिवस जास्त गोड बोलतो. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. वाकलो आणि तिच्या दोन्ही पायांवर हात ठेवले. कपाळ टेकलं.

ती बोलतच राहिली. सुनेच्या आईने आंदणात काय दिलं, ते सांगत होती. मी काय करतोय हे तिला कळलंच नव्हतं, कारण पायाला काही कळत नव्हतं. माझे हात तिच्या पावलांवर होते आणि ती रस्त्याकडे पाहून हसत होती. थोड्या वेळाने खाली पाहिलं तेव्हा दचकली.

"अरे, हे काय करून राहिला तू? ऊठ. लोकं पाहतेत."

मी उठलो नाही. पायांना लावलेला हात तिच्यापर्यंत पोचणार नव्हता, म्हणून तोंडाने बोलावंच लागलं.

"बाई, तुह्ये हातपाय माह्यामुळं गेले. ते सोल्युशन मी बनवलं. त्याच्यानं नसा जाते हे मले माहीत होतं. दार-खिडकी लावून बस, हे मीच सांगतलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, अन् तू चार महिने त्याच्यातच बसून राहिली. तुही काही चूक नाही. माही आहे, सगळी. मले माफ कर."