सी ड्राइव्हमधली जागा

दादा गेल्यावर दीडेक महिन्याने वहिनींनी मला बोलावून घेतलं. तो रोह्याच्या एका केमिकल कंपनीत होता. सकाळच्या शिफ्टला गेला आणि तिथेच छातीत कळ येऊन संपला. कंपनीने वापरायला दिलेला त्याचा जुना लॅपटॉप साहेबांनी "राहू दे घरी" म्हणून सोडून दिला होता. वहिनींना त्यावर टायपिंगची कामं घ्यायची होती. एका शाळेच्या प्रश्नपत्रिका मिळाल्याही होत्या. मी पेणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, तेव्हा मराठी टायपिंगचा प्रोग्राम मीच घालून द्यायचा होता.

रोह्याशेजारच्या अष्टमी गावात त्यांच्या घरी पोचलो, चहा घेतला, कामाला बसलो. प्रोग्राम अर्ध्यावर अडला. सी ड्राइव्हवर जागाच नव्हती.

मी साफसफाई सुरू केली. टेंपररी फाईली काढल्या, पत्त्यांचा खेळ काढला, कंपनीचे जुने रिपोर्ट काढले. दादाचं एकेक पुसत होतो, पण मन जागचं हललं नाही. क्लासमधलं मशीन साफ करावं तसं करत होतो.

तरी जागा पुरेना. मग आकाराप्रमाणे फाईली लावल्या. सगळ्यांत वर एक आवाजाची फाईल होती. वहिनी मटार सोलत शेजारीच बसल्या होत्या. मी ती लावली.

"हॅलो, हॅलो. येतंय का?" दादाचा आवाज. मग बराच वेळ पंख्याची घरघर. मागून वहिनींचा आवाज, "पानं घेतलीत." आणि दादा, "आलो गो."

एवढंच. जेमतेम मिनिटभर.

वहिनींचे हात थांबले नाहीत. "यानेच जागा खाल्लीय?" त्यांनी विचारलं.

"हो. आवाजाची फाईल मिनिटभराची असली तरी मोठी होते. पण फ्लॉपीवर घेता येईल."

एका फ्लॉपीत ती मावणार नव्हती. तुकडे करून भरायला लागलो. तिसरी फ्लॉपी खराब निघाली. मशीन करकरलं आणि एरर आली. एक तुकडा नसेल तर बाकीच्यांचा उपयोग नव्हता, आणि जवळ दुसरी कोरी फ्लॉपी नव्हती.

"उद्या पेणहून नव्या घेऊन येतो," मी म्हणालो.

"शाळेला उद्या पेपर द्यायचेत, भावजी."

"मग संध्याकाळपर्यंत बघतो कुठे मिळाल्या तर."

"नको. काढा ती." पुढची शेंग उचलत म्हणाल्या, "नायतर मी रोज तेच लावून बसेन. मुलीला शाळेतून आणायचं राहून जाईल."

मी फाईल काढली. रिसायकल बिनमध्ये गेली, म्हणजे जागा अजून सुटली नव्हती. तेही रिकामं केलं. मशीनने "नक्की?" असं विचारलं, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या सालं गोळा करत होत्या. मी होय दाबलं.

प्रोग्राम या वेळी पुरता बसला. वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या खुर्चीत बसल्या. 'इयत्ता पाचवी' एवढं टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. वेलांटी चुकीच्या बाजूला पडत होती. मी दाखवली, त्यांनी पुन्हा केली.

दुपारच्या गाडीने परत निघालो. खिडकीशी जागा मिळाली. मधली स्टेशनं आली, गेली. आपल्याला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून रुमाल हातात धरून बसलो होतो. पेणपर्यंत तो कोराच राहिला.