अर्धा बिल्ला

मला लिहिता येत नाही आणि बॉक्सिंगमधलं काही कळत नाही. आज मी बॉक्सिंगवर लिहिणार आहे. वाचकांनी आधीच क्षमा करावी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे जे मला कळत नाही, तेही मलाच समजावून सांगावं लागतं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमचं गाव धामणगाव बढे. गावाला कुस्तीचं वेड आणि त्या वेडाचा एक कायदा. बाहेरगावची कुस्ती मारून आलेल्या पैलवानाला एस.टी. स्टँडवरून हलगी वाजवत, गुलाल उधळत आणायचं. कुस्ती बरोबरीत सुटली तर हलगी आहे, गुलाल नाही. इनाम दोघांत निम्मं. हरलेल्यानं मात्र एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीनं गुपचूप घरी यायचं. त्याला कोणी काही विचारत नाही. (जेवायचं तेवढं विचारतात.)

माझा थोरला भाऊ महादू आखाडा सोडून फौजेत गेला आणि तिथं बॉक्सिंग खेळू लागला. तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. "हाताले उशा बांधून भांडतात! ह्याले काय खेळ म्हणतात बे?" अशा भाऊची परदेशातल्या आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंग स्पर्धेसाठी निवड झाली. बाबा एवढंच म्हणाले, "जिंकून आला तर मी सोता स्टँडवर जाईन." हरला तर काय, हे ते बोलले नाहीत. पण मायला ते ऐकू आलं. त्या दिवसापासून तिनं देवापुढं दोन दिवे लावायला सुरुवात केली. एक भाऊसाठी, एक बाबांसाठी.

आणि एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी लागली. भाऊ शेवटच्या आधीची लढत गुणांवर हरला. त्याला आणि एका जपानी खेळाडूला कांस्यपदक मिळालं. चौकात जमलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गजा, पाठ टेकली का त्याची?" बाबांनी विचारलं.

"बॉक्सिंगमध्ये पाठ धरत नाहीत, बाबा. गुण असतात."

"टेकली का नाही, तेवढं सांग."

"नाही टेकली."

"मंग हरला कसा?"

मी नुसतं डोकं खाजवलं. (कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं होतं, तरीही!) तेवढ्यात रहीमचाचा पुढे सरसावले. चाचा एरवी भांड्यांना कल्हई करतात, पण आखाड्यात पंच तेच. "देखो भाई, पाठ टेकली नाई, आन बिल्ला दोघांले. ही तर सरळ बरोबरी झाली!"

"म्हंजे बिल्ला अर्धा अर्धा?" कोणीतरी विचारलं.

पुन्हा सगळे माझ्याकडे! आता गप्प बसावं तर कॉलेजची अब्रू जाते. "हो," मी म्हणालो. "बहुतेक सहा महिने भाऊकडे, सहा महिने जपानात."

घरी मायनं हे ऐकलं आणि तिच्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. "मंग तो जपानी बिल्ला न्याले आपल्या घरी येईन?"

"येईल कदाचित."

"भाकर खाते का रे तो?"

"भात खातात ते लोक."

माय तांदूळ मागायला शेजारी गेली, आणि सकाळपर्यंत जपानी येणार हे गावभर झालं. बाबांचं तर रक्तच उसळलं. "येऊन राह्यला तर येऊ द्या! निकाली कुस्ती होऊन जाऊ द्या, आपल्या मातीत!" आखाडा खणला. मातीत हळद, तेल आणि साऱ्या गल्लीतलं ताक ओतलं. आठवडाभर आमच्या गल्लीत कोणाच्या घरी कढी झाली नाही.

भाऊ सुटीवर येण्याचा दिवस उजाडला. बाबा फेटा बांधून दारात अडले. "तो जिंकला तर जाईन म्हणलो होतो. हे तर बरोबरीत आहे."

"बरोबरी म्हंजे अर्धं जिंकणंच ना?" माय म्हणाली. "अर्ध्या वाटेवर तरी जा!"

बाबा निघाले ते अर्ध्या वाटेवर थांबायचं विसरूनच गेले. मलकापूरची एस.टी. आली. हलगी कडाडली. घाईघाईत रहीमचाचांनी हार घातला तो कंडक्टरच्या गळ्यात! गाडी रिकामी झाली, पण भाऊ काही उतरला नाही.

"जपान्यानं ठेवून घेतलं का बे त्याले?" बाबांचा आवाज एकदम बारीक झाला.

हलगी काखेत मारून सगळे घरी आले. पाहतो तर भाऊ चुलीपुढं बसून भाकर खात होता! एक थांबा आधी उतरून, मागच्या गल्लीनं आला होता. आणि पाटावर बिल्ला. अख्खा!

"त्या जपान्याचा अर्धा कोठी आहे?" बाबांनी विचारलं.

"त्याले त्याचा वेगळा आहे, बाबा. शेवटच्या आधीच्या दोन लढतींत हरलेल्या दोघांले देतात." भाऊनं मान खाली घातली. "हरलोच मी."

रहीमचाचांनी हलगीवाल्याच्या हातावर हात ठेवला. मायनं पदर तोंडाला लावला. बाबांनी बिल्ला उचलून हातात तोलला.

"तिथपर्यंत किती जणांले हरवत गेला?"

"तिघांले."

"आन आला मागच्या गल्लीनं? ऊठ बे!"

बाबांनी त्याला उष्ट्या हातानंच उठवलं, मागच्या गल्लीनं परत स्टँडवर नेलं, उभ्या एस.टी.त चढवलं आणि पुन्हा उतरवलं. मग हलगी! मग गुलाल! कंडक्टरनं आपला हार काढून भाऊच्या गळ्यात घातला. संध्याकाळी, माती वाया जाऊ नये म्हणून, निकाली कुस्तीही झाली. जपानी म्हणून मला उतरवलं. निकाल फार लवकर लागला.

माझा कॉलेजचा निकाल तेवढा राहिला होता. तोही पुढं कळला. तर्कशास्त्रात नापास! मी एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीनं निघालो, तर कोपऱ्यावर बाबा बसलेले.

"चित का बरोबरीत?"

"चित, बाबा."

"आणखी कोण पडलं?"

"निम्मा वर्ग."

बाबांनी उठून धोतर झटकलं.

"मंग बिल्ले पुरले नसतीन."